वायफाय शुल्क भरणाऱ्या रहिवासी मुलींचे मागणीपत्र

प्रति,
मा. मालक व मा. व्यवस्थापक,
मुलींचे खासगी वसतिगृह, सदाशिव पेठ, पुणे

विषय : वसतिगृहातील वायफाय सुरळीत करणे आणि त्यापोटी घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा हिशेब देणे.

महोदय,

पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यावरच्या ४२ कॉटवर राहणाऱ्या आम्ही मुली रहिवासी समितीमार्फत हे मागणीपत्र आपल्यापुढे ठेवत आहोत. तोंडी सांगून झाले, कार्यालयातल्या तक्रारवहीत लिहून झाले, ग्रुपवर स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट टाकून झाले. “बघतो”, “कंपनीला कळवले आहे” आणि “राउटर बंद करून चालू करा” यापलीकडे उत्तर आले नाही. म्हणून तक्रार, तिचे कारण, उपाय, खर्च आणि मुदत हे सगळे आता एकत्र लिहून देत आहोत.

आमच्यापैकी निम्म्याहून अधिक जणी स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. बाकीच्यांत आयटी आणि बीपीओत काम करणाऱ्या, सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या आणि नर्सिंगच्या मुली आहेत. फाटक रात्री १० वाजता बंद होते. हा आपला नियम आहे आणि तो आम्ही पाळतो. पण त्यामुळे दहानंतर अभ्यासिकेत किंवा मैत्रिणीकडे जाऊन काम उरकण्याची वाट आम्हाला उरत नाही. फाटकाच्या आत जे नेट मिळेल तेवढेच आमचे.

शुल्क आणि खर्च

प्रत्येक मुलीकडून भाड्याव्यतिरिक्त दरमहा २०० रुपये वायफाय शुल्क घेतले जाते. ४२ जणींचे महिन्याला ८,४०० रुपये होतात. कार्यालयातल्या फलकावर लावलेल्या बिलानुसार जोडणीचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. त्याचे ९९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९ रुपये. उरतात ७,२२१. वर्षाचा हिशेब केला तर ८६,६५२ रुपये. यातून वीज, देखभाल, दुरुस्ती असा काही खर्च होत असेल तर तो वजा करायला आमची ना नाही. मात्र तो कागदावर दिसला पाहिजे. आजवर या शुल्काची वेगळी पावतीसुद्धा मिळालेली नाही.

हा आकडा आधी मांडण्याचे कारण असे की “पैसे कुठून आणायचे” हा प्रश्न पुढे येऊ नये. पैसे आम्ही दरमहा देत आहोत.

मोजणी

समितीतल्या संगणक अभियांत्रिकीच्या दोन मुलींनी आठवडाभर रात्री नऊ ते अकरा या वेळेत वेग मोजला. मोबाइल तोच आणि चाचणीही तीच ठेवली. कार्यालयाच्या दाराशी साधारण ३८ एमबीपीएस मिळतात. पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये ११, दुसऱ्यावर ४. तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत दार लावून बसले की ०.७, आणि अपलोड ०.३. जानेवारी २०२३ पासून आपल्या देशात किमान २ एमबीपीएस डाउनलोड देणाऱ्या जोडणीलाच ब्रॉडबँड म्हटले जाते. ती व्याख्या सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी आहे, पण मोजपट्टी म्हणून तिसरा मजला कुठे बसतो ते त्यावरून कळावे.

याच मुलींनी रेक्टरबाईंच्या परवानगीने लॅपटॉप थेट केबलने राउटरला जोडून पाहिला. तेव्हा ९४ एमबीपीएस मिळाले, दर वेळी ९४ च्या आसपासच. हा आकडा बोलका आहे. आपला राउटर जुना आहे आणि त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत. अशा पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर काही जातच नाही. मागे आम्ही तक्रार केली तेव्हा आपण प्लॅन १०० वरून २०० चा केलात. त्यामागचा हेतू चांगला होता याबद्दल आमच्या मनात शंका नाही, पण वाढवलेला वेग राउटरच्या दारातच अडला. जादा रक्कम तेव्हापासून वाया जाते आहे.

म्हणजे बाहेरून येणारी लाइन पुरेशी आहे, बिघाड इमारतीच्या आतल्या वाटपात आहे. टाकी भरलेली आणि तिसऱ्या मजल्याच्या नळाला करंगळीएवढी धार, असा हा प्रकार आहे. त्यामुळे प्लॅन आणखी वाढवू नये, कंपनीही बदलू नये. त्याने काहीही साधणार नाही.

“तुम्ही सगळ्या व्हिडिओ बघता म्हणून नेट मंद होते” हे उत्तर आम्हाला अनेकदा मिळाले आहे. होय, बघतो. बहुतेक क्लासची लेक्चर व्हिडिओवरच असतात. ७२०पी दर्जाच्या व्हिडिओला सुमारे अडीच एमबीपीएस लागतात. ४२ जणींनी एकाच क्षणी व्हिडिओ लावला तरी बेरीज १०५ होते, आणि प्लॅन २०० चा आहे. “स्वतःचा डेटा वापरा” याचेही गणित करून पाहिले. तासाभराच्या अशा लेक्चरला सव्वा जीबीच्या आत-बाहेर डेटा जातो. दिवसाला दीड-दोन जीबी देणारा पॅक दुसऱ्या लेक्चरला संपतो. शिवाय आतल्या खोल्यांत मोबाइलला रेंजही धड नाही.

मागणी १ : राउटर कपाटातून बाहेर काढावा

राउटर कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, फायलींच्या मागे, कुलपात आहे. कोणीतरी तो रीसेट केला म्हणून ही व्यवस्था झाली, हे आम्हाला माहीत आहे. पण लोखंडी पत्रा सिग्नल अडवतो. त्यातून जे निसटते त्याला पुढे दीड फुटाच्या भिंती आणि तीन स्लॅब पार करायचे असतात. दुसरे म्हणजे कपाटाची किल्ली रेक्टरबाईंकडे असते आणि त्या रात्री आठला घरी जातात. त्यानंतर राउटर अडकला तर सकाळपर्यंत पूर्ण इमारत नेटशिवाय.

राउटर भिंतीवर, डोक्याच्या वर, प्लास्टिकच्या बंद पेटीत लावावा. पेटीची एक किल्ली कार्यालयात आणि एक समितीच्या प्रतिनिधीकडे असावी. या कामाला एक दुपार पुरेल. मुदत : ७ दिवस.

मागणी २ : प्रत्येक मजल्यावर केबलने जोडलेला ॲक्सेस पॉइंट

ही मुख्य मागणी आहे. बाकीच्या सगळ्या मान्य झाल्या आणि ही राहिली, तर फारसे काही बदलणार नाही.

सध्या दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये रिपीटर लावलेला आहे. मोबाइलवर त्याचे सगळे दांडे भरलेले दिसतात आणि पान काही उघडत नाही. रिपीटर स्वतः सिग्नल तयार करत नाही. खालून जे क्षीण मिळते तेच पुन्हा वर फेकतो, आणि ऐकणे व बोलणे एकाच चॅनेलवर करत असल्यामुळे त्याचा निम्मा वेळ त्यातच जातो. त्यात तो ज्या सॉकेटला आहे तो त्या पॅसेजमधला एकमेव सॉकेट. सकाळी कामावर जाणाऱ्यांना तिथेच इस्त्री करावी लागते. इस्त्री लागली की रिपीटर निघतो आणि पुन्हा कोणी लावायचा यावर वाद होतो. हे वाद मिटवण्यात समितीचा बराच वेळ गेला आहे.

दुबळ्या सिग्नलचा त्रास वरच्या मजल्यापुरता राहत नाही. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. तिसऱ्या मजल्यावरच्या मोबाइलला तेवढ्याच माहितीसाठी कितीतरी पट जास्त वेळ लागतो आणि तोवर पहिल्या मजल्यावरची मुलगीही ताटकळते. त्यामुळे या मागणीवर तिन्ही मजल्यांच्या सह्या आहेत.

उपाय असा : कार्यालयातून प्रत्येक मजल्यापर्यंत कॅट-६ केबल न्यावी आणि पॅसेजच्या मध्यावर छताला एक ॲक्सेस पॉइंट लावावा. केबलच्या आठही तारा जोडाव्यात. चारच जोडल्या तर वेग पुन्हा १०० वर अडतो. ॲक्सेस पॉइंट २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांवर चालणारे असावेत. पेठेत घराला घर लागून आहे. मोबाइलवर शोध घेतला तर शेजारच्या वायफायची यादी संपत नाही. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच आहेत : १, ६ आणि ११. मजल्याला एक याप्रमाणे ते वाटून द्यावेत. नव्या मोबाइल-लॅपटॉपचा भार ५ गिगाहर्ट्झवर न्यावा. त्याचा पल्ला कमी असतो, भिंतीही त्याला जास्त अडवतात. म्हणूनच मजल्याला स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट लागतो.

भिंती फोडाव्या लागणार नाहीत. टीव्हीच्या केबलसाठी जिन्यालगत जो डक्ट आहे त्यातून हीच केबल वर जाते. कॅट-६ ची मर्यादा १०० मीटरची आहे आणि आपल्याला सर्वांत लांबची ओढ त्याच्या निम्मीही नाही. काम दोन दिवसांचे आहे.

खर्चाचे दरपत्रक समितीने घेतले असून ते सोबत जोडले आहे. गिगाबिट राउटर ३,५०० रुपये. तीन ॲक्सेस पॉइंट प्रत्येकी ४,५०० प्रमाणे १३,५००. केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच ३,५००. यामुळे पॅसेजमधल्या सॉकेटचा प्रश्नही संपतो. केबल, जोडसाहित्य व मजुरी ९,०००. मागणी ४ मधला छोटा यूपीएस २,०००. एकूण ३१,५००. वर दिलेल्या दरमहा ७,२२१ रुपयांच्या शिलकीतून हा खर्च पाच महिन्यांच्या आत भरून निघतो. आपल्या ओळखीच्या दुकानातून स्वस्तात झाले तर उत्तमच. फक्त ॲक्सेस पॉइंटऐवजी आणखी दोन रिपीटर आणून बचत दाखवू नये. मुदत : ३० दिवस.

मागणी ३ : अपलोडची वाट मोकळी करावी

२०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. तेव्हापासून टेस्ट सिरीजची उत्तरपत्रिका हाताने लिहायची, मोबाइलने स्कॅन करायची आणि ठरलेल्या वेळेत अपलोड करायची, हे आमच्या रोजच्या कामात आले आहे. अशी फाइल सहज ४० एमबीची होते. ०.३ एमबीपीएसने ती चढायला जवळपास १८ मिनिटे लागतात, तीही मध्ये जोडणी तुटली नाही तर. तुटली की पहिल्यापासून. उशिरा पोचलेला पेपर तपासला जात नाही आणि सिरीजचे पैसे परत मिळत नाहीत. घरून काम करणाऱ्या मुलींचा मीटिंगमध्ये आवाज तुटतो तो याच कारणाने.

अपलोडची वाट अडवणाऱ्या दोन गोष्टी आम्हाला सापडल्या. एक, जिन्यातले आणि फाटकावरचे सहा कॅमेरे वायफायवर आहेत आणि चोवीस तास चित्रण बाहेर पाठवत असतात. कॅमेरे आम्हाला हवेतच. ते वायरने जोडावेत आणि चित्रण इमारतीतल्याच रेकॉर्डरवर साठवावे. दोन, आमच्याच मोबाइलमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढत राहतात. रात्री आठ ते अकरा हा बॅकअप बंद ठेवण्याचा ठराव समितीने केला आहे आणि तो पाळून घेण्याची जबाबदारी आमची. मोठी डाउनलोड रात्री बारानंतरच करायची, हेही त्याच ठरावात आहे.

यावर आपण प्रत्येकीला २ एमबीपीएसची मर्यादा घालण्याचे सुचवले होते. ती आम्हाला मान्य नाही. लाइन रिकामी असतानाही वेग दाबून ठेवण्यात कोणाचाच फायदा नाही. नव्या राउटरवर सर्व यंत्रांना आळीपाळीने समान वाटा देणारी सोय घ्यावी आणि चालू ठेवावी. तरीही गर्दीच्या वेळेत मर्यादा हवीच असेल, तर ती दर यंत्रामागे ८ एमबीपीएसपेक्षा कमी नसावी आणि अपलोड २ च्या खाली जाऊ नये. मुदत : मागणी २ बरोबरच.

मागणी ४ : वीज गेल्यावर नेट जाऊ नये

इन्व्हर्टरवर जिन्यातले दिवे आणि कार्यालय चालते, राउटर चालत नाही. कंपनीचा फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टवर चालतात. त्यांना छोटा यूपीएस बसवावा. दोन-तीन तास निघतात. खर्च वर धरला आहे.

मागणी ५ : रात्री अकराची बंदी मागे घ्यावी

“मुलींनी वेळेवर झोपावे म्हणून” रात्री ११ ते सकाळी ६ वायफाय बंद राहील, अशी सूचना फलकावर लावली आहे. ती मागे घ्यावी. लोकसेवा आयोगाच्या अर्जाची मुदत शेवटच्या दिवशी २३:५९ ला संपते आणि सर्व्हर त्या रात्री कसा चालतो हे अर्ज भरणाऱ्या कोणालाही विचारावे. रात्रपाळीतल्या मुलींचा तर दिवसच तेव्हा सुरू होतो. आम्ही सगळ्या सज्ञान आहोत. कधी झोपायचे हे आमचे आम्ही ठरवू.

मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते १० मोबाइल वापरण्यास मनाई करणारा नियम सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे आला होता. नियम न पाळल्यामुळे वसतिगृहातून काढलेल्या विद्यार्थिनीला परत प्रवेश देण्याचा आदेश न्यायालयाने दिला आणि इंटरनेट मिळवण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ते महाविद्यालयाचे वसतिगृह होते, आपले खासगी आहे. हा फरक ध्यानात घेऊनही त्या निकालामागचा विचार आपण पाहावा असे आम्हाला वाटते. मुदत : तात्काळ.

मागणी ६ : पासवर्ड

एकच पासवर्ड वर्षानुवर्षे फलकावर आहे. खोली सोडून गेलेल्या मुली, खालचे दुकान आणि मेसमध्ये डबे नेणारी मुले सगळ्यांना तो पाठ आहे. पासवर्ड ७ दिवसांत बदलावा आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी बदलावा. पाहुण्यांसाठी वेगळे, मर्यादित नेटवर्क ठेवावे. मात्र या निमित्ताने कोण काय पाहते याची नोंद ठेवणारे कोणतेही उपकरण वा ॲप बसवू नये.

मागणी ७ : हिशेब, पावती आणि परतावा

वायफाय शुल्काची दरमहा वेगळी पावती द्यावी. दर तिमाहीला जमा-खर्च फलकावर लावावा. तिसऱ्या मजल्यावरच्या १४ मुलींनी गेले तीन महिने भरलेले शुल्क, म्हणजे प्रत्येकी ६०० प्रमाणे ८,४०० रुपये, परत करावे किंवा पुढच्या भाड्यात वळते करावे. न मिळालेल्या सेवेचे पैसे आहेत ते. यंत्रसामग्रीचा खर्च वसूल झाल्यावर शुल्क १०० रुपयांवर आणावे. तेवढ्यातही ४,२०० जमा होतात आणि बिल भागून दुरुस्तीला तीन हजार उरतात.

काम झाले हे कशावरून ठरवायचे

काम संपल्यावर आठ दिवसांच्या आत रात्री नऊ ते अकरा या वेळेत आपला माणूस आणि समितीचा प्रतिनिधी मिळून प्रत्येक खोलीत, दार बंद ठेवून आणि वेगाची मर्यादा घातली असेल तर ती तेवढ्यापुरती काढून मोजणी करतील. दहापैकी किमान नऊ मोजण्यांत डाउनलोड १० आणि अपलोड ५ एमबीपीएस मिळाले पाहिजेत. तेवढे मिळाले तर समिती काम पूर्ण झाल्याचे लेखी देईल. २०० च्या लाइनवर ही अट सहज पाळता येण्यासारखी आहे. जाणूनबुजून ती सैल ठेवली आहे.

पुढचे पाऊल

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ मध्ये मालकाने न तोडायच्या सेवांत पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि स्वच्छता यांचा उल्लेख आहे; इंटरनेटचा नाही. आमचे म्हणणे त्या कलमावर उभे नाही. ज्या सेवेचे वेगळे पैसे घेतले जातात ती मिळाली पाहिजे, एवढेच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये राहण्या-जेवणाची सोय ही ‘सेवा’ आहे आणि त्यातील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. ती वेळ यावी असे आम्हाला वाटत नाही.

७ दिवसांच्या मुदतीतली कामे झाली नाहीत, किंवा ३० दिवसांत केबलचे काम सुरू झाले नाही, तर पुढच्या महिन्यापासून वायफाय शुल्क कार्यालयात भरले जाणार नाही. ते समितीकडे जमा राहील, त्याची पावती प्रत्येकीला मिळेल आणि काम पूर्ण झाल्याच्या दिवशी ते सर्व आपल्या हवाली केले जाईल. खोलीभाडे आणि मेसचे पैसे नेहमीप्रमाणे ठरल्या तारखेला येतील. त्यात एक दिवसाचाही उशीर होणार नाही.

या मागणीपत्रावर सही केल्याबद्दल कोणाचीही कॉट काढून घेऊ नये, खोली बदलू नये, डिपॉझिटमधून कपात करू नये आणि कोणाच्याही घरी फोन करू नये. असे एकीच्याही बाबतीत घडले तर ते सर्व ४२ जणींच्या बाबतीत घडले असे समिती मानेल.

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता मेसच्या खोलीत बैठक ठेवावी, ही विनंती. आपण स्वतः यावे. रेक्टरबाईंना निर्णयाचा अधिकार नसल्यामुळे केवळ त्यांना पाठवून उपयोग होणार नाही. दरपत्रक देणारा तंत्रज्ञ त्या वेळी हजर राहील आणि डक्ट उघडून केबल कुठून जाईल ते दाखवेल. शनिवारी संध्याकाळपर्यंत लेखी होकार कळवावा.

आपल्या,
रहिवासी समितीच्या वतीने
तिन्ही मजल्यांच्या प्रत्येकी दोन प्रतिनिधी
(सर्व ४२ रहिवाशांच्या सह्या खोलीनिहाय सोबत)